ब इमारतीचे चार नट

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आपल्या चिटणीसांचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं. मोजमाप पुस्तकं भरली, अंदाजपत्रकं केली, लेख कधी लिहिला नाही. पण दिवाळीनंतरच्या सभेत रंगकामाचा विषय निघाला. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने तिन्ही इमारतींना बाहेरून रंग द्यायचा, हे सगळ्यांनाच मान्य होतं. रंगाच्या ठेकेदाराने एक सूचना केली होती, ती वाचून दाखवण्यात आली. ब इमारतीच्या पूर्वेकडच्या भिंतीवर चार गंजक्या लोखंडी प्लेटा आणि त्यांचे नट बाहेर आलेले आहेत, ते गॅसने कापून सपाट करू, वरून गिलावा मारू, म्हणजे भिंत एकसारखी दिसेल. दोन-चार सभासद म्हणाले, "हो हो, करून टाका. किती घाण दिसतं ते!"

मी उभा राहिलो आणि जरा मोठ्याने बोललो. आवाज चढला त्याबद्दल माफी मागतो. पण त्या चार नटांबद्दल जे सांगायचं आहे ते सभेतल्या पाच मिनिटांत मावत नाही. त्यांची गोष्ट आपल्या सोसायटीपेक्षा दोन-अडीचशे वर्षं जुनी आहे. म्हणून हा लेख.

आधी आपल्या घरांविषयी. १९७४ साली आपल्या तिन्ही इमारती बांधल्या गेल्या त्या 'लोड-बेअरिंग' पद्धतीने. म्हणजे आजकालच्या इमारतींसारखा इथे कॉलम-बीमचा सांगाडा नाही. खालच्या मजल्याला दीड विटेची भिंत, तिच्यावर स्लॅब, स्लॅबवर पुन्हा भिंत. घराचा सगळा भार भिंतीच पेलतात. नवीन सभासद हौसेने "ही भिंत काढून हॉल मोठा करू" म्हणतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो तो याचसाठी. इथे काढण्यासारखी भिंत जवळजवळ नाहीच.

वीटकामाचा एक स्वभाव आहे. त्याला दाबलं तर ते मुकाट्याने सोसतं, ओढलं की लगेच फाटतं. वरून कितीही वजन येऊ द्या, भिंत तक्रार करत नाही. पण पाया एका टोकाला अर्धा इंच खचला, की भिंतीला ताण बसतो आणि तिरकी चीर निघते. दगडाचं, चुन्याचं, काँक्रीटचं, सगळ्यांचं हेच. मग उपाय काय? भिंतीला ताण सोसत नाही ना, तर तिला आधीच इतकं दाबून ठेवा की पुढे ताण आला तरी तो त्या दाबातून वजा व्हावा. ग्रंथालयातला शिपाई दहा पुस्तकं एका ओळीत दोन्ही तळव्यांमध्ये दाबून उचलतो, तसं. पुस्तकं एकमेकांना चिकटवलेली नसतात, तरी मधलं एकही पडत नाही. हात जरा सैल केले, की सगळी पायावर!

ही युक्ती आपल्याकडच्या लोहाराला माहीत होती. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. लोखंडी धाव मुद्दाम चाकापेक्षा थोडी लहान करायची, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवायची, फुगली की लाकडी चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचं. धूर, वाफ, आरडाओरड, आणि मग चाकातून तो कर्र आवाज! धाव आवळते, आरे तुंब्यात घट्ट बसतात. लाकडाचे सुटे तुकडे, पण एकजीव होतात. आमच्या गावी हे काम बघायला आम्ही पोरं शाळा बुडवत असू.

आता रोमला जाऊ. तिथल्या सेंट पीटर चर्चचा घुमट मायकेलअँजेलोच्या कल्पनेतला. तो १५९० साली पुरा झाला. आतून साधारण ४२ मीटर व्यास. एवढा मोठा घुमट स्वतःच्या वजनाने खालच्या कडेला बाहेर फाकायला बघतो. त्याला आवळून धरायला बांधतानाच लोखंडी कडी घातली होती, पण ती अपुरी पडली. दीडशे वर्षांत घुमटाला उभ्या भेगा गेल्या. १७४२ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी तीन गणितज्ञांना बोलावलं : बॉस्कोविच, ल सूर आणि जाकिए. त्यांनी घुमट किती फाकतो आहे आणि त्याला आवरायला किती लोखंड लागेल याचा हिशेब मांडला. एखाद्या उभ्या इमारतीचं दुखणं असं आकड्यांत मांडण्याचा हा जवळपास पहिलाच मोठा प्रयत्न. त्यावर टीकाही झाली. मायकेलअँजेलोला कुठे गणित येत होतं, तरी त्याने घुमट उभा केलाच ना, मग त्याच्या दुरुस्तीला गणित कशाला, असं म्हणणारे होते. आपल्या सभेतही असे सभासद आहेत, नावं घेत नाही.

मग पादुआचे प्राध्यापक जोव्हान्नी पोलेनी आले. त्यांनी भेगा काळजीपूर्वक तपासल्या आणि एक सुंदर प्रयोग केला. दोऱ्यात वजनं ओवून साखळी लोंबकळत ठेवली. ती जो आकार घेते तो उलटा केला, की कमानीत जोर कुठून वाहतो ते कळतं. त्यांनी ठरवलं की घुमट पडणार नाही, पण त्याला आणखी कडी हवीत. १७४३-४४ मध्ये वास्तुविशारद वान्विटेल्ली यांच्या देखरेखीखाली पाच नवी लोखंडी कडी घुमटाभोवती बसवली गेली. काम चालू असताना जुन्यांपैकी एक कडं तुटलेलं सापडलं, म्हणून १७४८ मध्ये सहावं घातलं. ही कडी नुसती गुंडाळलेली नव्हती. सांध्यांमध्ये पाचरी ठोकून ती आवळलेली होती. भिंत आधी बांधून झालेली, ताण नंतर दिलेला. आज आमच्या भाषेत याला 'पोस्ट-टेन्शनिंग' म्हणतात. तेव्हा कुणी नाव दिलं नव्हतं. तो घुमट आजही उभा आहे.

पॅरिसची गोष्ट त्याहून मजेशीर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या एका जुन्या मठात तंत्रविद्येचं संग्रहालय आणि शाळा होती. तिच्या एका दालनाच्या दोन्ही बाजूच्या भिंती वरच्या वजनाने बाहेर कलायला लागल्या. मोलार नावाच्या तिथल्याच गृहस्थांनी दालनाच्या आरपार लोखंडी गज घातले. गजांची टोकं भिंतीबाहेर काढली, त्यांवर मोठ्या तबकड्या आणि नट बसवले. मग एकाआड एक गज दिव्यांनी तापवले. गज तापून लांबले, नट सैल झाले, ते पुन्हा भिंतीला टेकवून कसले. दिवे विझवले. गज थंड होताना आखडले आणि भिंतींना आत ओढू लागले. तेवढ्यात उरलेले गज सैल पडले, त्यांची पाळी. असं पुन्हा पुन्हा करत भिंती ओळंब्यात आणल्या. सहा मीटरचा गज शंभर अंशांनी तापवला तर तो सात मिलिमीटर वाढतो. एका खेपेला मिळतं ते एवढंच. पण त्या सात मिलिमीटरमागे जो जोर असतो तो कुठल्याही माणसाच्या मनगटात नाही. हीच बैलगाडीची धाव, फक्त गोल नाही, सरळ.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग अवघड काय आहे? गज घाला, नट आवळा, झालं. शंभर वर्षं लोकांना असंच वाटत होतं. १८८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॅक्सन नावाच्या गृहस्थाने, १८८८ मध्ये जर्मनीत डोरिंग यांनी, काँक्रीटमध्ये ताणलेलं लोखंड घालण्याची पेटंटं घेतली. सगळी फसली. सुरुवातीला छान आवळलेलं असायचं, आणि काही महिन्यांनी ताण कुठे गेला ते कळायचं नाही.

हे कोडं सोडवलं ते फ्रान्सच्या युजेन फ्रेसिने यांनी. १८७९ चा जन्म, ओब्जा नावाच्या छोट्या गावातला माणूस. आल्ये नदीवर ल व्हर्द्र इथे त्यांनी १९११ च्या सुमारास काँक्रीटच्या सपाट कमानींचा पूल बांधला. पूल झाला, वाहतूक सुरू झाली, आणि काही महिन्यांत कमानींचे माथे हळूहळू खाली बसू लागले. कोणी वजन ठेवलं नाही, पाया खचला नाही, तरी रोज थोडं थोडं. फ्रेसिने यांनी कोणाला न सांगता विश्वासातली तीन माणसं बरोबर घेतली आणि रात्री जाऊन कमानीच्या माथ्यावर जॅक लावून पूल पुन्हा वर उचलला. पूल वाचला. पण त्यांच्या डोक्यात एक किडा वळवळत राहिला : काँक्रीट सतत दाबाखाली असलं की ते वर्षानुवर्षं सावकाश आखडत राहतं. तेव्हाच्या पुस्तकांत हे नव्हतं.

आता जरा हिशेब. घाबरू नका, चौथीचा आहे. २० मिलिमीटर व्यासाचा साध्या लोखंडाचा सहा मीटर लांब रॉड घ्या. तो आवळून त्यात तीन टन ताण आणला, तर तो किती लांबतो? अवघा तीन मिलिमीटर. म्हणजे दर मिलिमीटरला एक टन. आता प्लेटखालचा गिलावा चेपला, विटांचे सांधे जरा दबले, भिंत थोडी आखडली, असं करत दोन मिलिमीटर गेले, तर तीन टनांतला एक टन उरतो. तीन गेले, की शून्य. रॉड जागेवर दिसतो, नट जागेवर दिसतो, काम मात्र काही करत नाही! जॅक्सन आणि डोरिंग यांचं हेच झालं होतं.

फ्रेसिने म्हणाले, साधं लोखंड नको. खूप उच्च ताकदीची पोलादी तार घ्या आणि तिला दहापट जोराने ताणा. मग ती तीनऐवजी तीस मिलिमीटर लांबेल. त्यातले तीन गेले तर गेले, सत्तावीस शिल्लक. ऐकायला किती सोपं! पण ते सुचायला ल व्हर्द्रच्या पुलापासून सतरा वर्षं लागली. २ ऑक्टोबर १९२८ रोजी त्यांनी आणि सेआय यांनी पेटंट घेतलं. मग आपली जमापुंजी घालून विजेच्या खांबांचा कारखाना काढला. तो बुडाला. पन्नाशी उलटलेला माणूस, खिसा रिकामा.

वाचवलं ते एका खचणाऱ्या इमारतीनं. ल हाव्र बंदरात 'नॉर्मंडी' या अतिभव्य बोटीच्या उतारूंसाठी नवी इमारत बांधली होती. बोट १९३५ च्या मे महिन्यात पहिल्या सफरीला निघणार आणि इमारत खालच्या गाळात बसत चाललेली. कोणाचाच उपाय चालेना. फ्रेसिने यांनी सुट्या सुट्या पायांच्या मध्ये नवं काँक्रीट भरलं, जुनं-नवं सगळं ताणलेल्या तारांनी आवळून एक सलग आडवी तुळई केली, आणि मग इमारतीच्याच वजनाचा आधार घेऊन जॅकने नवे खांब गाळातून खाली दाबत नेले. इमारत थांबली. माझ्या मते ताणलेल्या पोलादाचं युग सुरू झालं ते या दुरुस्तीपासून. नव्या पुलापासून नव्हे, हे आम्ही दुरुस्तीवाले जरा अभिमानाने सांगतो.

त्याच सुमाराला, १९३४ मध्ये, आंद्रे कॉइन या फ्रेंच इंजिनिअरने अल्जीरियातल्या शर्फा या जुन्या दगडी धरणाला वरून खालपर्यंत भोकं पाडली, त्यांत पोलादी तारांचे जुडगे सोडले, खालच्या खडकात रोवले आणि वरून ताणले. ३७ केबल, प्रत्येकी सुमारे हजार टनांची. धरण जणू खडकाला शिवून टाकलं. मला या कामातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे पुढची तीस वर्षं त्या केबलींवर लक्ष ठेवलं गेलं, ताण किती उरला ते मोजत राहिले, आणि त्यानंतर पुन्हा नवी मजबुती केली गेली.

आता आपल्या दारातली गोष्ट. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. आपल्यातल्या ज्येष्ठांना वेगळं काही सांगायला नको. मी सव्वीस वर्षांचा ओव्हरसियर, कराडला भाड्याच्या खोलीत. अंथरुणातून फेकला गेलो. अंगणात आलो तर सगळा वाडा रस्त्यावर, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न : धरण आहे का गेलं? कोयनानगरात घरं कोसळली, दीडशेहून अधिक माणसं गेली. धरण राहिलं. पण १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाच्या वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार बदलतो त्या पातळीला, काही उंच खंडांना आडव्या चिरा पडल्या होत्या. कराडला नदीकाठी राहणाऱ्या कित्येक घरांतली बायका-मुलं पुढचे पंधरा दिवस वरच्या अंगाला नातेवाइकांकडे झोपायला जात होती.

तेव्हा जे उपाय झाले त्यांत हेच शास्त्र होतं. चिरांमध्ये इपॉक्सी भरलं. उंच खंडांना तातडीचा आधार म्हणून ताणलेल्या पोलादी केबलींनी आवळलं. आणि नंतर मागच्या बाजूने काँक्रीटचे भरभक्कम बट्रेस उभारून कायमची मजबुती केली. माझी नेमणूक कालव्यावर होती, धरणावर नव्हे. पण साहेबांबरोबर दोनदा जायला मिळालं. साहेबांना मी बावळटासारखं विचारलं, "साहेब, एवढ्या डोंगराएवढ्या धरणाला या तारा काय धरणार?" ते म्हणाले, "धरण स्वतःच उभं आहे रे. आपण त्याला फक्त फाकू देत नाही." पुढे केरळातल्या मुल्लपेरियार धरणालाही, पेनिक्विक साहेबाने १८९५ मध्ये पुरं केलेल्या चुना-सुरखीच्या कामाला, १९८० च्या आसपास अशाच केबलींनी खडकाला बांधलं गेलं.

योगायोग असा की कोयनेचा भूकंप झाला त्याच १९६७ साली इंग्लंडमध्ये यॉर्कच्या प्रचंड चर्चच्या दुरुस्तीसाठी वर्गणी गोळा होत होती. बर्नार्ड फील्डन या वास्तुविशारदाने तपासणी केली तेव्हा मधल्या मनोऱ्याखालचा पाया फाटत चालला होता. मनोरा सोळा हजार टनांच्या घरातला. त्याच जागेवरचा आधीचा मनोरा १४०७ मध्ये ढासळला होता, त्यामुळे भीती पोकळ नव्हती. त्यांनी आणि अरूप कंपनीच्या इंजिनिअरांनी चर्चच्या खाली उतरून जुन्या पायांभोवती काँक्रीटच्या जाड कॉलरी ओतल्या, पायांतून आरपार भोकं पाडून स्टेनलेस स्टीलचे रॉड घातले, आणि दोन्ही टोकांना नट आवळून जुना दगड व नवं काँक्रीट एक केलं. खाली जमीन आधीच दाबून घ्यायला फ्रेसिने यांचेच सपाट जॅक वापरले. तव्यावरच्या भाकरीसारखे फुगतात ते! खोदताना खाली रोमन छावणीचे अवशेष निघाले, ते इंजिनिअरांना आणि पुराणवस्तुवाल्यांना आळीपाळीने जागा देत देत १९७२ पर्यंत काम संपवलं. आज तिथे तळघरात संग्रहालय आहे, आणि काँक्रीटमधून बाहेर आलेली ती रॉडांची टोकं लोक तिकीट काढून बघतात. याच फील्डन साहेबांची, भारतातल्या जुन्या वास्तू कशा जपाव्या याची मार्गदर्शक पुस्तिका इन्टॅकने १९८९ साली काढली. मी ती पदरचे पैसे देऊन घेतली आहे. कोणाला हवी असेल तर वाचायला देईन, परत मात्र करा.

आता या. ब इमारत.

१९८६ च्या पावसाळ्यात पूर्वेकडच्या टोकाच्या भिंतीजवळची मैलापाण्याची नळी जमिनीत फुटली. आपली जमीन काळी. पाणी पिऊन फुगते, सुकली की आखडते. टोकाची भिंत आतल्या आडव्या भिंतींपासून सुटली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला बोलावून दाखवलं, तेव्हा झोपण्याच्या खोलीच्या कोपऱ्यातल्या चिरेत रुपयाचं नाणं उभं जात होतं. बाहेर ओळंबा सोडला तर भिंत वरच्या टोकाला दीड इंच बाहेर. नळी दुरुस्त केली, पायाजवळची माती बदलली, चिरेवर काचेच्या पट्ट्या चिकटवून तारखा टाकल्या. चार महिने पट्ट्या तुटल्या नाहीत, म्हणजे हालचाल थांबली होती. पण सुटलेली भिंत सुटलेलीच. ती पाडून पुन्हा बांधायची तर तीन कुटुंबांना वर्षभर बाहेर काढावं लागणार, आणि त्या काळात सोसायटीच्या खात्यात किती पैसे होते ते जुन्या खजिनदारांना विचारा.

तेव्हा मी मोलार यांचा गज सुचवला. दोन रॉड पहिल्या स्लॅबच्या पातळीला, दोन दुसऱ्याच्या. प्रत्येक २० मिलिमीटरचा, सहा मीटर लांब, टोकाच्या भिंतीपासून जिन्याच्या भिंतीपर्यंत. बाहेर एक फूट चौरस जाड प्लेट, म्हणजे तीन टनांचा जोर एका विटेवर न येता पसरेल आणि वीटकामावर चौरस सेंटिमीटरला सव्वातीन किलोच्या आसपास दाब येईल. तेवढा ते आरामात सोसतं. चिरा आधी सिमेंटच्या पातळ लगद्याने भरल्या, तो पक्का झाल्यावर चारही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. भिंत सरळ करायचा मोह झाला होता, पण केला नाही. दीड इंच बाहेर आहे ती तशीच आहे. तिला तिथेच धरून ठेवायचं, एवढंच काम.

किल्लारीच्या भूकंपानंतर बऱ्याच जणांनी मला विचारलं की गावाकडच्या दगड-मातीच्या घरालाही असे रॉड घालता येतील का. नुसते रॉड घालून नाही. मातीत रचलेल्या दगडांना दाब एकसंध सोसत नाही. प्लेट आत रुतेल आणि दगड दुसरीकडून निसटतील. आधी भिंत दाब घेण्यालायक हवी.

माझी चूक मी सांगितली पाहिजे. फ्रेसिने यांचं सगळं वाचलेलं असून मी आपल्या इथे साधे लोखंडी रॉडच घातले, कारण उच्च ताकदीची तार आणि तिचा जॅक आपल्या आवाक्यात नव्हता. म्हणजे तो 'तीन मिलिमीटर'चा प्रश्न आपल्याला लागू होता, आणि मला ते माहीत होतं. सात महिन्यांनी हातोडीने ठोकून पाहिलं. ताणलेला रॉड टणत्कार देतो, सैल रॉड ठप्प वाजतो. चारांपैकी तीन ठप्प. पुन्हा आवळले. वर्षभराने पुन्हा. १९८९ ला माझी बदली झाली, आणि दर वर्षी हे बघायला हवं ही गोष्ट मी कोणाच्या तरी हाती कागदावर देऊन जायला हवी होती. दिली नाही. तोंडी सांगितलं. ज्यांना सांगितलं ते फ्लॅट विकून पुण्याला गेले. मधल्या नऊ वर्षांत दोन वेळा रंग लागला, दोन्ही वेळा रंगाऱ्याने नटांवरही ब्रश फिरवला, आणि ते कशाला आहेत हे ब इमारतीतल्या नव्या मंडळींना ठाऊकच नाही. मग त्यांना ते 'घाण' दिसले तर दोष त्यांचा कसा?

रॉड कापले तर भिंत त्याच दिवशी पडेल, असं मी म्हणत नाही. पण ती ज्या एका गोष्टीने आतल्या भिंतींना बांधलेली आहे ती गोष्ट जाईल. आणि पुढचा पावसाळा, किंवा पुढची ११ डिसेंबर, कशी असेल ते आपल्या हातात नाही. काकू आता एकट्याच असतात आणि अजून त्याच खोलीत झोपतात.

सभेनंतरच्या रविवारी मी शिडी लावून चारही रॉड वाजवून पाहिले. खालचे दोन्ही उत्तम. वरचा जिन्याकडचा बरा. वरचा दक्षिणेचा सैल आहे, अगदी ठप्प. प्लेट एका कोपऱ्यात गंजली आहे, पण आटे शाबूत आहेत. तेल घालून ठेवलं आहे. काचेची एक पट्टी तुटलेली सापडली, तिच्यावरची तारीख पुसली गेली आहे, त्यामुळे ती कधी तुटली ते सांगता येत नाही. नवी लावली आहे.

कमिटीने रंगकामाच्या करारात आता लिहून घेतलं आहे की प्लेटा आणि नट काढायचे नाहीत, फक्त घासून गंजरोधक रंग द्यायचा. काळा दिला तर शोभूनही दिसतील. पाना सोसायटीच्या ऑफिसात लोखंडी कपाटाच्या मागे, लाल चिंधी बांधलेला आहे. नटाचा एक पूर्ण फेरा म्हणजे अडीच मिलिमीटर, म्हणजे अडीच टन. त्यामुळे एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त कोणी फिरवू नये, आणि एकच नट आवळत सुटू नये. संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता मी शिडी घेऊन ब इमारतीमागे येणार आहे. माझे गुडघे आता वरच्या पायरीवर थरथरतात, तेव्हा तरुणांपैकी कोणीतरी दोघांनी यावं, आणि एकाने वही-पेन आणावं.